पावलीचा फोन

परवा नातवाने विचारले, "आजोबा, मोबाईल नव्हते तेव्हा विमानतळावर माणसे हरवायची का?" हरवायची तर! १९९८ साली मी नेवार्कला एकटाच उतरलो आणि चिरंजीव भलत्याच टर्मिनलवर उभे. माझ्या खिशात नोटा, फोनला हवी नाणी. एका बाईंनी 'कलेक्ट कॉल' लावून दिला. पैसे उचलणाऱ्याने भरायचे. यंत्र म्हणाले, नाव सांगा. मी मास्तर, हजेरीपटाप्रमाणे सुरुवात केली. आडनाव येईपर्यंत वेळ संपली! सूनबाईंनी आवाज ओळखला म्हणून बरे. हुशार पोरे म्हणे नावाच्या जागी "पोचलो-न्यायला-या" म्हणत आणि घरचे कॉल नाकारत. काम फुकटात.

साताऱ्याला बोलायचे तर वाण्याकडचे कार्ड खरवडून लांबलचक आकडे दाबायचे. रस्त्यावरच्या फोनवरून जादा आकार कापला जाई, कारण १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर टोल-फ्री कॉलचेही पैसे फोनच्या मालकाला मिळू लागले होते. मी मिनिटे मोजत होतो. ही म्हणाली, "ते राहू द्या, जेवलात का?" मला पुढे बोलवेना.

नाण्यांचा हा फोन विल्यम ग्रे यांनी १८८९ मध्ये हार्टफर्डच्या एका बँकेत बसवला. तेव्हा आधी बोलायचे, मग पैसे टाकायचे. पुढच्या फोनमध्ये नाणी घंटेवर आपटत: निकेलचा एक टोला, डाइमचे दोन, क्वार्टरचा घणघणाट. ऑपरेटर कानानेच हिशेब ठेवी.

न्यूयॉर्क शहराने आपला शेवटचा फोन मे २०२२ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळून उचलला. क्वार्टरला मी पावलीच म्हणतो. त्यातली एक माझ्या कंपासपेटीत आहे.