जलाघात : नळातील पाणी आणि नळाची भिंत यांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

वाहत्या पाण्याचा नळ झटकन बंद केला की भिंतीतून ‘ठक्’ असा आवाज येतो. वाहणाऱ्या पाण्याचा स्तंभ अचानक अडवला गेल्यामुळे दाब एकदम वाढतो व ती दाबलहर नळातून मागे धावते. या घटनेला जलाघात किंवा वॉटर हॅमर म्हणतात. घरात तिचा त्रास आवाजापुरता असतो. शहराच्या मुख्य जलवाहिनीत किंवा वीजकेंद्राच्या पेनस्टॉकमध्ये मात्र तिने जाड नळही फुटतो. हा दाब नेमका किती वाढतो, याचे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक जवळजवळ संपावे लागले. ते उत्तर जलशास्त्राइतकेच शरीरक्रियाविज्ञानातूनही आले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे.

रक्तवाहिनीपासून सुरुवात

जलाघाताचा उपयोग आधी झाला, सिद्धांत नंतर आला. १७९६ मध्ये फ्रान्समधील जोसेफ माँगोल्फिए यांनी हायड्रॉलिक रॅम तयार केला. या यंत्रात झडप आपोआप बंद होते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या दाबानेच थोडे पाणी उंचावर चढते. त्या दाबाचे गणित मात्र तेव्हा कोणाकडे नव्हते.

ते गणित सुरू झाले नाडीच्या अभ्यासातून. हृदयाचा ठोका मनगटापर्यंत किती वेगाने पोहोचतो, हा प्रश्न इंग्लंडमधील वैद्य व भौतिकीविद थॉमस यंग यांनी १८०८ च्या सुमारास हाताळला. त्यांच्या लक्षात आले की, लहरीचा वेग रक्तवाहिनीच्या भिंतीच्या स्थितिस्थापकतेवर अवलंबून असतो. भिंत जितकी ताठ, तितकी लहर वेगवान.

दुसरा धागा ध्वनीचा. १८२६ मध्ये कोलाडों यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्यातील ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर भरला. याचा अर्थ पाणीही थोडेसे दाबले जाते. ते पूर्णपणे असंपीड्य असते, तर हा वेग अनंत आला असता.

कोर्टेवेग यांचा दुवा

आता दोन टोके समोर होती. रक्तवाहिनीत भिंत इतकी मऊ असते की रक्ताची संपीड्यता सोडून देता येते. मोकळ्या सरोवरात भिंतच नसते. लोखंडी नळ या दोहोंच्या मध्ये येतो. इटलीतील लुइजी मेनाब्रेआ यांनी १८५८ मध्ये ऊर्जेच्या आधारे पाणी व भिंत या दोन्हींची स्थितिस्थापकता विचारात घेतली. पुढे १८७८ मध्ये डच गणितज्ञ डिडेरिक कोर्टेवेग यांनी दोन्ही परिणाम एकत्र करून लहरीच्या वेगाचे सूत्र दिले.

हे सूत्र काय सांगते ते उदाहरणाने पाहू. १ मीटर व्यासाचा आणि १० मिलीमीटर जाडीचा पोलादी नळ घेतला, तर पाण्यातील लहरीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटरवरून सुमारे १,०२० मीटरवर येतो. नळ प्लॅस्टिकचा असेल तर तो ३०० ते ५०० मीटरपर्यंतही उतरतो. म्हणजेच नळाची भिंत प्रवाहाच्या वर्तनात स्वतः भाग घेते.

मॉस्कोतील प्रयोग

मॉस्को शहराच्या पाणीपुरवठ्यात मुख्य वाहिन्या फुटत होत्या. त्यांची कारणे शोधण्यासाठी निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये अलेक्सेयेव्हस्काया पंपघराच्या आवारात लांब नळ टाकून प्रयोग केले. पुढे विमानविद्येत प्रसिद्ध झालेले झुकोव्हस्की ते हेच. त्यांनी मोजमापांनी पक्के केलेले सूत्र असे :

दाबवाढ = पाण्याची घनता × लहरीचा वेग × प्रवाहवेगातील बदल

पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल, लहरीचा वेग १,२०० मीटर असेल आणि झडप क्षणात बंद केली, तर दाब सुमारे २४ बारने वाढतो. हा दाब जवळजवळ २४५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका आहे. ‘क्षणात’ म्हणजे किती, हेही यातून ठरते. लहर टाकीपर्यंत जाऊन परत यायच्या आत झडप बंद झाली, तर पूर्ण दाब येतो. ६०० मीटर लांबीच्या नळात हा अवधी फक्त १ सेकंद असतो. म्हणून झडप सावकाश बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

सूत्राला झुकोव्हस्कींचे नाव मिळाले असले, तरी जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक योहानेस फोन क्रीस यांनी नाडीच्या संदर्भात हाच संबंध १८८३ मध्ये मांडला होता. अमेरिकेत जोसेफ फ्रिझेल यांनीही १८९८ मध्ये तो स्वतंत्रपणे काढला. अभियंते वैद्यकाची नियतकालिके वाचत नव्हते, त्यामुळे एकच नियम पुन्हा शोधावा लागला.

वीजकेंद्रे आणि भिंतीचा प्रश्न

इटलीतील लोरेंझो आलिएव्ही यांनी १९०२ व १९१३ मध्ये जलाघाताचा सर्वसाधारण सिद्धांत मांडला. याच काळात उंच पातळीवरून पाणी आणणारी जलविद्युत केंद्रे उभी राहत होती. १९१५ मध्ये सुरू झालेले टाटांचे खोपोली केंद्र त्यांपैकीच. तेथे सह्याद्रीवरील तलावांचे पाणी ५०० मीटरांहून अधिक खाली उतरते. अशा नळाची जाडी केवळ स्थिर दाबावरून ठरवता येत नाही.

या गोष्टीची किंमत जपानमधील ओइगावा केंद्राने १९५० मध्ये मोजली. देखभालीच्या वेळी झडप अतिवेगाने बंद झाली व पेनस्टॉक फाटला. पाणी बाहेर पडताच वरच्या भागात दाब कोसळला, पाण्याचा स्तंभ तुटला आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने नळाचा बराच भाग चेपला गेला. तीन कामगार मृत्युमुखी पडले. एकाच घटनेत नळ एका ठिकाणी आतून फुटला आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेरून चिरडला गेला.

१९५६ मध्ये रिचर्ड स्कलाक यांनी आणखी एक पायरी गाठली. नळ फुगला की तो लांबीत किंचित आखडतो. त्यामुळे पोलादाच्या भिंतीतून स्वतंत्र लहर निघते, आणि ती पाण्यातील लहरीच्या कितीतरी पुढे धावते. द्रव-संरचना आंतरक्रिया या नावाने आज शिकवल्या जाणाऱ्या विषयात नळांच्या बाबतीत हे काम पायाभूत आहे.

सारांश

नळ ताठ आहे असे मानले तर दाबाचा हिशेब चुकतो, आणि पाणी असंपीड्य मानले तरीही चुकतो. दोन्ही एकत्र हलतात, हे समजायला यंगपासून स्कलाकपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

स्वाध्याय

१. पोलादी नळाऐवजी प्लॅस्टिकचा नळ वापरल्यास जलाघाताचा दाब कमी का होतो?
२. ९०० मीटर लांबीच्या नळात लहरीचा वेग सेकंदाला १,२०० मीटर असल्यास, झडप किमान किती वेळ घेऊन बंद करावी?
३. ओइगावा येथे नळाचा काही भाग आत का चेपला गेला, ते स्पष्ट करा.