अरणगावची टेकडी आणि परक्यांची गाणी

अहमदनगरहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग शहराची वस्ती मागे टाकून अरणगावच्या शिवारात शिरतो, तेथे पहिल्या महायुद्धाच्या काळी इंग्रज फौजेची एक छावणी होती. आणि लढाई संपून फौज उठून गेल्यावर मागे उरलेल्या ओसाड इमारती व टेकडीवरची पाण्याची टाकी यांच्याच आश्रयाने १९२३ साली मेहेराबाद वसले. ते वसविणारे मेहेरबाबा म्हणजे मूळचे मेरवान शेरियार इराणी. १८९४ साली पुण्यातील एका इराणी जरथुस्त्री कुटुंबात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले, आणि पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात काही वर्षे काढलेले हे गृहस्थ १० जुलै १९२५ रोजी मौनात गेले, ते ३१ जानेवारी १९६९ला देहावसान होईपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. प्रथम लेखणीने, मग अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि १९५४नंतर केवळ हस्तसंकेतांनी त्यांचा सारा व्यवहार चाले. ज्याने स्वतःच्या वाणीवर असा निर्बंध घातला, त्या पुरुषाला दुसऱ्याच्या गळ्यातून निघणाऱ्या गाण्याची विलक्षण ओढ असावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही. तरुणपणी ते स्वतः अनेक वाद्ये वाजवीत आणि कविता करीत.

परंतु त्या गाण्यांकडे वळण्यापूर्वी या जिल्ह्याचा एक जुना शिरस्ता सांगितला पाहिजे. एकाने एका देवासाठी रचलेले पद दुसऱ्याने दुसऱ्याच्या चरणी वाहावे, यात येथे कोणाला कमीपणा वाटला नाही. शिर्डीस साईबाबांच्या हयातीतच जी आरतीची परिपाठी रूढ झाली, ती नागपूरचे कीर्तनकार कृष्णशास्त्री भीष्म यांनी ‘सगुणोपासने’त ग्रथित केली; तिच्यात भीष्मांच्या स्वतःच्या रचनांबरोबर तुकोबा, नामदेव, जनाबाई यांची पदे आहेत, आणि पंढरीच्या विठ्ठलासाठी जन्मलेली ती वाणी शिर्डीच्या फकिरापुढे त्याच भावाने म्हटली गेली. अरणगावाहून फार दूर नसलेल्या अकोळनेर येथे जन्मलेले दासगणू महाराज तर पोलीस खात्यातले जवान; ऐन उमेदीत तमाशाचा नाद आणि लावण्या रचण्याची हौस, पुढे कीर्तनाची गादी. फडावरचा ठेका कीर्तनात आला म्हणून कीर्तन बाटले, असे त्या काळच्या श्रोत्यांनी म्हटल्याचे ऐकिवात नाही. गाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न या मुलखात गौण होता. ते कोणापुढे म्हणावयाचे, हा मुख्य.

आता लंडनकडे पाहू. ‘द हू’ या दणदणीत रॉक मेळ्याचा गिटारवादक व गीतकार पीट टाउन्सेंड, रंगमंचावर वाद्ये फोडण्याबद्दल जगभर गाजलेला, १९६७–६८च्या सुमारास माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राकरवी मेहेरबाबांच्या विचारांकडे वळला. १९६९ साली निघालेल्या ‘टॉमी’ या संगीतिकेचे वेष्टनचित्र याच मॅकिनर्नीचे, आणि तिच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून बाबांचा उल्लेख आहे. गुरूची भेट मात्र घडली नाही. ‘टॉमी’ बाजारात येण्यापूर्वीच बाबांनी देह ठेवला होता. १९७१च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ तेच, हे आज कोपऱ्याकोपऱ्यावर ते गाणे ऐकणाऱ्या नगरच्या तरुणांपैकी किती जणांस ठाऊक असेल, देव जाणे.

बाबांच्या जन्मदिनाच्या निमित्ताने १९७० साली टाउन्सेंडने सहानुयायांच्या साह्याने ‘हॅपी बर्थडे’ नावाची ध्वनिमुद्रिका अल्प प्रतींत काढली. बाबांना कोल पोर्टरचे ‘बिगिन द बेगीन’ अतिशय प्रिय. १९३५ साली ब्रॉडवेवरच्या ‘ज्युबिली’ नाटकासाठी रचलेले, आणि तीन वर्षांनी आर्टी शॉच्या वाद्यवृंदाने घरोघर पोहोचविलेले. बाबांचे पार्थिव मेहेराबादच्या टेकडीवरील समाधीत ठेविले गेले त्या प्रसंगीही हीच चीज वाजविली गेली. तत्कालीन लोकप्रिय गीते बहुधा बत्तीस मात्राखंडांत आटोपत असता हे एकशे आठ खंडांचे; गायकाच्या दमाची परीक्षा पाहणारे. टाउन्सेंडने ते त्या ध्वनिमुद्रिकेत गायिले.

याहूनही नवलाचे प्रकरण जिम रीव्ह्जचे. अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या गायकीचा हा मखमली, खर्जातला गळा १९६४ साली विमान अपघातात शांत झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गाजलेले त्याचे ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’ हे विरहगीत बाबांच्या आवडीचे होते. गर्जणारी गिटार ज्याची ओळख, त्या टाउन्सेंडला या गोडगोड चालीचे स्वतः होऊन आकर्षण वाटले असते, हे संभवनीय दिसत नाही. तरी त्याने १९७२च्या ‘हू केम फर्स्ट’मध्ये ते घेतले. मूळ गाणे मंद्र सप्तकात रेलून बसणारे. याचा आवाज पातळ, वरच्या पट्टीकडे झुकणारा, किंचित कंपित. रीव्ह्जची नक्कल त्याने केली नाही आणि रॉकचा आवेशही चढविला नाही. गुरूला आवडलेली वस्तू जशीच्या तशी जपून पुढे ठेवण्याचा तो यत्न आहे. बाजारात परक्यांची गाणी गाणारा गायक सामान्यतः एक तर आपला पल्ला दाखवितो, नाही तर जुन्या यशावर व्याज घेतो. येथे निवड गायकाची नव्हतीच. ती श्रोत्याची होती, आणि तो श्रोता हयातही नव्हता. शिर्डीच्या आरतीशी याचे नाते मला यामुळेच जवळचे वाटते.

त्याच ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी ‘परवरदिगार’ आहे: बाबांनी १९५३ साली डेहराडूनला दिलेल्या प्रार्थनेला टाउन्सेंडने लावलेली चाल. कलादृष्ट्या तीच या संग्रहातली श्रेष्ठ कृती, यात शंका नाही. रीव्ह्जचे गाणे तिच्यापुढे फिके पडते, हेही मान्य केले पाहिजे. १९७२च्या आरंभी टाउन्सेंड स्वतः नगरास येऊन समाधीपुढे उभा राहिला. हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८ साली आतून रंगविलेली ती लहानशी वास्तू आजही तशीच आहे, आणि दर महिन्याच्या १२ तारखेस खाली धुनी पेटते.

जिल्ह्याच्या इतिहासकारांनी निजामशाहीच्या तोफांचा, किल्ल्यातील राजबंद्यांचा आणि साखर कारखान्यांचा तपशील चोख नोंदविला आहे. संतवाङ्मयाच्या प्रकरणातही नेवाशापासून शिर्डीपर्यंत सारे येते. त्याच दप्तरात, दासगणूंच्या लावण्या आणि भीष्मांच्या आरत्या यांच्या शेजारी, कोल पोर्टर आणि जिम रीव्ह्ज यांच्या या दोन गाण्यांसाठी एक पान राखून ठेवावे, एवढीच त्यांना विनंती आहे.