उजनीच्या तळाचं चित्र

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, बघ्यांची रीघ लागते. मग तळ पाहायला सोनार, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीतून चित्र उमटवणारं यंत्र, कशाला, असं कुणी म्हणेल. पण 117 टीएमसीच्या या जलाशयात निम्म्याहून अधिक साठा मृत आहे. भीमेचं जुनं पात्र त्याच्याही तळाशी. उपग्रहाला पाण्याचा काठ दिसतो, खालचा गाळ नाही.

पूर्वी खोली मोजायला दोरीला शिसं बांधून सोडत. एका वेळी एकच जागा कळे. 1960 च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयत्नांतून बाजूला ध्वनी फेकणारं सोनार पुढे आलं आणि तळाचा पट्टाच्या पट्टा दिसू लागला. मात्र बोटीमागे ओढलेलं यंत्र प्रत्येक लाटेला मान डोलावतं, नि सरळ भिंत नागमोडी उमटते. उपाय साधा निघाला: हिसके पुढच्या वजनाने झेलायचे, त्यामागे सैल दोरावर पाण्यात जवळजवळ तरंगतं यंत्र, शेपटीला पंख. माझ्या मते ध्वनीइतकंच श्रेय या जोडणीला आहे. संगणक हेलकावे दुरुस्त करतो, हे खरं. पण ध्वनी जिथे पडलाच नाही, ती जागा तो कुठून आणणार? उजनीच्या उथळ काठाला मात्र लांब केबल पडक्या भिंतींत अडकेल. तिथे यंत्र बोटीच्या कडेला दांड्यावर घट्ट बसवणंच बरं, आणि वारा सुटण्याआधी सकाळीच काम उरकणं.