चादर बदलताना

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस बडोद्याला आमच्याकडे राहायला आली. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी ती बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात शिकत होती. कॉलेज सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. माझी आई, म्हणजे तिची आजी, पक्षाघाताच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळलेली. तिच्या पलंगाची चादर बदलायची म्हणजे आमच्या घरात मोठाच घाट असे. मी, कामाला येणाऱ्या बाई आणि शेजारचे एक काका असे तिघं मिळून तिला उचलून खुर्चीत ठेवायचो, ती कण्हायची, आणि एवढं करून चादर सुरकुतलेलीच राहायची.

भाचीनं आल्या दिवशी संध्याकाळी हात धुतले आणि पलंगाशी जाऊन म्हणाली, "आजी, आता मी तुला कुशीवर वळवणार आहे. माझ्याकडे बघ." तिनं आजीला अलगद वळवलं, जुनी चादर लांबीच्या बाजूनं गुंडाळत तिच्या पाठीशी नेली, मोकळ्या झालेल्या अर्ध्या गादीवर नवी अंथरली, मग आजीला नव्या चादरीवर वळवून दुसरी बाजू पूर्ण केली. शेवटी चादर चारही बाजूंनी ताणून खोचली. सुरकुती राहिली की तिथं कातडी घासते आणि जखम होते, हे तिनं मला जाता जाता सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. आई कण्हली नाही.

मी दारात उभी राहून बघत होते आणि मला माझंच एक वाक्य आठवत होतं. बारावीला चांगले गुण मिळाल्यावर या मुलीनं नर्सिंगला जाणार असं सांगितलं, तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, "अगं, एवढे मार्क आहेत, मग नर्सिंगच का?" ते मला तेव्हा काळजीचं वाक्य वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मावशी, तू पण दुसऱ्याचंच लिहितेस ना?" मी भाषांतरकार आहे. त्या वेळी मी हसून विषय बदलला. दिवाळीनंतर मात्र ते वाक्य माझ्या तोंडी आलं कुठून, याचा शोध घ्यावासा वाटला. पुढचं लिखाण त्या शोधाचं आहे.

सुरुवात लंडनमध्ये होते. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावे सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी उभा केला आणि त्यातून १८६० च्या उन्हाळ्यात सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत मोजक्या मुली होत्या. वय २५ ते ३५, शिक्षण एक वर्षाचं, राहणं-जेवण फुकट, अंगावर तपकिरी पोशाख आणि पांढरा एप्रन, आणि वर्षाला दहा पौंड. नाइटिंगेलबाई स्वतः तिथं शिकवत नव्हत्या. चाळिशीतच आजारानं त्या बहुतेक वेळ खोलीत असत. शाळा चालवत होत्या त्या रुग्णालयाच्या मेट्रन, वॉर्डरोपरबाई.

या मुलींना काय काय यायला हवं याची यादी छापलेली होती. फोड, भाजलेलं अंग आणि जखमा यांची मलमपट्टी, शेक आणि पोटीस, जळवा लावणं, एनिमा देणं. असहाय रुग्णाला हलवणं, त्याचे कपडे बदलणं, त्याला ऊब देणं किंवा गार ठेवणं, पाठीला जखमा होऊ न देणं. पेज, आरारूट आणि आजाऱ्याची पेयं करता येणं. वॉर्डात मोकळी हवा खेळती ठेवणं. आणि सर्वांत लांबलचक कलम निरीक्षणाचं: नाडी, त्वचा, भूक, श्वास, झोप, थुंकी, जखमेची स्थिती, भ्रम आहे की गुंगी, औषधाचा आणि आहाराचा परिणाम काय. या यादीत एक साधं काम होतं: रुग्ण पलंगावर असतानाच पलंग करणं आणि चादर काढणं. माझ्या भाचीनं तीन महिन्यांत जे हातात घेतलं, ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या यादीतलं होतं.

पण वॉर्डरोपरबाईंच्या कागदाला दुसरी बाजूही होती. प्रत्येक मुलीचा दर महिन्याला जो तक्ता भरला जाई, त्यात कामाच्या नोंदींबरोबर वागणुकीच्या नोंदी असत: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा आणि स्वच्छता. मुलींनी रोजनिशी लिहायची आणि तीही तपासली जायची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयातली नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी बाई, असा समज रूढ होता. तो पुसायचा तर मुलीचं चारित्र्य कागदावर सिद्ध करावं लागणार होतं. डॉक्टरकी शिकणाऱ्या तरुणाच्या शांतपणाचा तक्ता कुणी दरमहा भरल्याचं माझ्या वाचनात नाही. नर्सिंगची विद्यार्थिनी मात्र पहिल्या दिवसापासून दोन परीक्षा देत होती, एक हाताची आणि एक अब्रूची.

आपल्याकडे अशी यादी फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. 'परिचारिका' हा मराठी शब्द याच घरातला. पण वॉर्डात कुणी 'अहो परिचारिका' अशी हाक मारत नाही. हाक 'सिस्टर' अशीच जाते. तो शब्द मध्ययुगीन इंग्लंडच्या मठांतून आला. सेंट थॉमससारखी रुग्णालयं तेव्हा धर्मसंघातले बंधू आणि भगिनी चालवत. मठ गेले, तरी वॉर्डाच्या प्रमुख बाईला सिस्टर म्हणायची रीत तिथं टिकली आणि पुढे जहाजातून आपल्याकडे आली. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात सफाई करणाऱ्या आया 'मावशी' असतात, वॉर्डबॉय 'मामा' असतात. नात्याच्या या घरात एकटी सिस्टर तेवढी इंग्रजी राहिली. तिला 'ताई' म्हणायला आपली जीभ का वळली नसावी? मला वाटतं, याचं उत्तर चरकाच्या चौथ्या शब्दात आहे.

शौच म्हणजे स्वच्छता. पण जातीच्या समाजात स्वच्छतेला सोवळ्याचा अर्थ चिकटला. जखमेतला पू पुसणं, मलमूत्राचं भांडं उचलणं, बाळंतिणीला हात लावणं ही कामं वॉर्डात स्वच्छतेची, पण घराच्या उंबऱ्यावर विटाळाची. जी मुलगी पहिल्या सत्रात हात धुवायला शिकते, तिचेच हात घरच्यांना अस्वच्छ वाटतात. त्यामुळे स्वातंत्र्यापर्यंत या देशातल्या परिचारिकांत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचा भरणा राहिला. बाकीच्यांनी त्यांच्याकडून सेवा घेतली, आदरानं सिस्टर म्हटलं, आणि आपली मुलगी मात्र पाठवली नाही.

ज्या गेल्या त्यांची नोंद थोडक्यात आटोपते. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झालं. तिथं डॉक्टरही स्त्रियाच असाव्यात असा आग्रह होता आणि एडिथ पेची पहिल्या प्रमुख होत्या. भाचीच्या पाठ्यपुस्तकात १८९१ सालापुढे एक ओळ आहे: बाई काशीबाई गणपत ही कामा रुग्णालयात शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका. एवढंच. नाइटिंगेलबाईंना त्याच धड्यात कित्येक परिच्छेद मिळाले आहेत. भाचीनं ती ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली होती आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं.

नाइटिंगेलबाई भारतात कधीही आल्या नाहीत, पण लंडनच्या खोलीतून त्यांचा इथल्या आरोग्याविषयीचा पत्रव्यवहार अनेक वर्षं चालू होता. बेहरामजी मलबारी हे पारशी पत्रकार आणि सुधारक त्यांच्या परिचयाचे. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राची आवृत्ती १८९२ मध्ये लंडनला निघाली, तिला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची आहे. पुढे १९०८ मध्ये याच मलबारी आणि गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन उभं केलं. एका प्रस्तावनेच्या धाग्यानं लंडनची ती खोली पुण्याच्या पेठांना अशी जोडली गेली.

पुण्याच्या सेवासदनानं विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. हे आज वाचताना साधं वाटतं. पण पहिल्या महिन्यातल्या त्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणून बघा. घरात ती सोवळ्यात स्वयंपाक करणारी, शुभकार्याला समोर न येणारी. तिच्या दर्शनालाच अपशकुन म्हणणारे लोक अवतीभवती. तीच आता अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावते, परजातीच्या बाईचं बाळंतपण बघते, परत येऊन ताटावर बसते. तिच्यासाठी वॉर्डरोपरबाईंचा वागणुकीचा तक्ता रुग्णालयात भरला जात नव्हता, तो गल्लीत भरला जात होता. म्हणून सेवासदनाला शिक्षणाबरोबर वसतिगृहाचीही सोय बघावी लागली. मुलगी राहते कुठं, जेवते कुणाच्या हातचं, येते-जाते कुणाबरोबर, या प्रश्नांची उत्तरं तयार असल्याशिवाय शिकवणं सुरूच होऊ शकत नव्हतं. रमाबाईंनी इथं आपलं स्वतःचं नाव तारण ठेवलं असं मला वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांची विधवा पाठीशी उभी आहे, हाच त्या मुलींचा अब्रूचा दाखला होता.

तरीही हे सारं समुद्रात थेंबाइतकं होतं. १९४६ मध्ये भोर समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० धरली आहे, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टरचं प्रमाण ६,३०० माणसांमागे एक होतं. जगात बहुतेक ठिकाणी डॉक्टरांपेक्षा परिचारिका जास्त असतात. आपण उलटं करून दाखवलं होतं. पैशाचा अभाव हे त्याचं एक कारण. दुसरं कारण प्रत्येक घरात माझ्यासारख्या एखाद्या मावशीच्या तोंडी असलेलं वाक्य. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथं नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला.

सत्र पद्धत मात्र अगदी अलीकडची, २०२१ पासूनची. पहिल्या सत्रात संवादाची इंग्रजी, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वं. मला यात सर्वांत लक्षणीय वाटलं ते इंग्रजीचं स्थान. वर्ग इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि पलंगावरची म्हातारी आपल्या गावच्या बोलीत. सप्टेंबरमध्ये भाचीनं मला फोन केला होता: "मावशी, पेशंटला स्टूल पास झालं का, हे मराठीत नीट कसं विचारायचं?" मी भाषांतरकाराच्या ऐटीत सांगितलं, "शौचाला झालं का, असं विचार." दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. आजीबाईंना शौच कळलं नाही. वॉर्डातल्या मावशींनी "परसाकडं झालं का" म्हटल्यावर त्या लगेच बोलल्या.

चरकानं परिचारकाच्या अंगी हवा म्हणून सांगितलेला गुण आणि मराठीत मलविसर्जनाला वापरलेला सभ्य शब्द एकच आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शुद्ध होण्याच्या क्रियेचं नाव आपण ज्या घाणीपासून शुद्ध व्हायचं तिलाच देऊन टाकलं. शब्द सोवळा झाला, काम कुणीतरी करतच राहिलं. पहिल्या सत्रातली मुलगी हे दोन अर्थ पुन्हा एकत्र आणते. भांडं उचलते, त्यात काय आहे ते नीट बघते, कारण त्याचा रंग आणि पातळपणा नोंदवायचा असतो, मग हात धुते आणि पुढच्या पलंगाकडे जाते. १८६० च्या यादीतलं निरीक्षणाचं कलम ते हेच.

भाचीला पहिल्या महिन्यात परत यावंसं वाटलं होतं, हे मला दिवाळीत कळलं. कशामुळे, असं विचारल्यावर म्हणाली, "वॉर्डामुळे नाही. वॉर्डात मला पहिल्या आठवड्यात उलटी झाली, पण दुसऱ्या आठवड्यात नाही झाली. घरी फोन केला की सगळे विचारायचे, तिथं नक्की काय काय करायला लावतात गं? त्या 'काय काय'चा त्रास व्हायचा." विचारणाऱ्यांत मी होते.

परत जाण्यापूर्वी तिनं माझ्याकडून तीनदा चादर बदलून घेतली. पहिल्यांदा मी आईला न सांगताच वळवलं आणि ती घाबरली. "आधी सांगायचं असतं, मावशी," भाची म्हणाली. आता मी ते एकटीनं करते. हात धुते, "आई, तुला कुशीवर वळवते आहे, माझ्याकडे बघ" असं म्हणते, आणि कोपरे ताणून खोचते. अजून मला वीस मिनिटं लागतात. भाचीची मी माफी मागितलेली नाही. हा लेख तिला पाठवते आहे. त्यात चूक असेल तर ती पेन्सिलीनं खूण करून परत पाठवील.