पाद्र्याच्या घरातला उदास कवी

५ मे १९१८. जळगावजवळच्या भादली स्टेशनावर रेल्वेखाली सापडून एका तरुणाचा मृत्यू झाला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. वय फक्त सत्तावीस. तो अपघात होता. तरी 'त्यानं स्वतःहून तर नसेल ना?' ही शंका अधूनमधून डोकावतेच. कारण 'फुलराणी' लिहिणाऱ्या याच माणसानं 'पारवा' आणि 'उदासीनता'ही लिहिली. पण कविता म्हणजे वैद्यकीय अहवाल नव्हे. त्यांच्या मनाला नेमकं काय झालं होतं, हे आज ठरवण्यात अर्थ नाही. त्या मनाशी भोवतालची माणसं कशी वागली, हे मात्र पाहता येतं.

धरणगावात जन्मलेल्या, वडिलांच्या पोलीस खात्यातल्या बदल्यांमुळे खानदेशभर फिरलेल्या या मुलानं १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. तिथेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांची नजर त्याच्यावर पडली. पुढे ठोंबरे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. हट्टी, हळवा, क्षणात रुसणारा हा मुलगा लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखा सांभाळला. 'स्मृतिचित्रे'मध्ये तो त्या घरातलं मूल होऊनच भेटतो.

टिळकांना एकटेपण ऐकून माहीत नव्हतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर नातलग तुटले, लक्ष्मीबाईही काही वर्षं दूर राहिल्या. त्या काळात मन ठिकाणावर राहणं किती अवघड असतं, हे दोघांनीही भोगलं होतं. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनानं वाट शोधत. म्हणून की काय, या घरात धर्म अटीसारखा दारात उभा नव्हता. ठोंबरे तिथे राहिले, जेवले, भांडले, लिहिते झाले. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यातही बाप्तिस्मा न घेतलेल्यांना जागा होती.

त्या काळात मन बिघडलं की कुणी बाहेरची बाधा म्हणायचं, कुणी पापाची फळं. सरकारकडे १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा होता. त्याचा भर माणसाला इस्पितळात ठेवण्यावर होता. या सगळ्याच्या मधे टिळकांचं घर उभं होतं. 'तुला काय झालंय?' असं विचारत बसण्यापेक्षा 'जेवलास का?' विचारणारं. पाळकाचं काम प्रवचनाइतकंच सोबतीचं असतं, हे त्या घरानं न सांगता दाखवलं.

पण सोबत म्हणजे उपचार नव्हे. बालकवींच्या आयुष्यातली ओढाताण, पैशांची चणचण, सततची भटकंती त्या घरानं संपली नाही. आज आपल्याकडे मानसोपचार आहेत, मदतीसाठी १४४१६ हा टेलिमानस क्रमांकही आहे. म्हणून प्रार्थना की डॉक्टर, असं भांडण लावण्याची गरज नाही. डॉक्टरकडे जायला सोबत लागते, आणि परत आल्यावर घरही लागतं.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, बालकवींनंतर जेमतेम वर्षभरानं. भादलीला शेवटी नेमकं काय घडलं, यावर आपण कितीही तर्क लढवू. त्याआधी एका उदास पोराला न बदलता आपलं म्हणणारं एक घर होतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.