वैशाखातील वीज : उष्ण प्रदेशात विद्युत मोटार कशी पारखली गेली

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फिनिक्स शहरात काही मोटारमालकांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. त्यांच्या निसान लीफ गाडीच्या फलकावर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्या असत, आणि त्यांतील एक पट्टी विझली होती. काहींच्या दोन विझल्या होत्या, काहींच्या तीन. पहिली पट्टी जाणे म्हणजे सुमारे १५ टक्के क्षमता गमावणे. पुढची प्रत्येक पट्टी सव्वासहा टक्क्यांची. गाड्या तर जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाच्या होत्या. विजेवर चालणारी कौटुंबिक मोटार उष्ण हवामानात टिकेल का, हा प्रश्न आज नागपूर, जोधपूर किंवा विजयवाड्यातील एखादे कुटुंब शोरूममध्ये विचारते. त्याचा आधुनिक इतिहास या विझलेल्या पट्ट्यांपासून सुरू होतो.

लीफ विक्रीस आली डिसेंबर २०१० मध्ये. तिची २४ किलोवॉट-तासांची बॅटरी प्रवाशांच्या पायाखाली एका बंद धातूच्या पेटीत होती. त्या पेटीत ना पंखा होता, ना शीतक द्रव खेळवणाऱ्या नळ्या. आतली उष्णता पेटीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत आपोआप जाईल, अशी योजना होती. त्यामुळे वजन वाचले, किंमत आटोक्यात राहिली, बिघडणारे भाग कमी झाले. समशीतोष्ण जपानी हवेत ती योजना चुकीचीही नव्हती. मात्र त्याच महिन्यात अमेरिकेत आलेल्या शेव्हरोले व्होल्टच्या अभियंत्यांनी उलट निर्णय घेतला होता. त्यांनी बॅटरीतून शीतक द्रव फिरवला. एकाच महिन्यात बाजारात आलेल्या दोन गाड्या, उष्णतेविषयीच्या दोन भिन्न समजुती घेऊन आलेल्या. पुढील दशकाने कौल कोणाला दिला, ते आज बहुतेक नव्या विद्युत मोटारींचे बॉनेट उघडले की दिसते.

फिनिक्समध्ये जुलैचे सरासरी कमाल तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. खरा घात मात्र दुपार करत नाही, रात्र करते. डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्री परत देतात, आणि पारा पहाटेही २८-२९ अंशांखाली सहसा उतरत नाही. बाहेरची हवाच गार नसेल तर पत्र्याच्या पेटीने उष्णता द्यायची कोणाला? विदर्भात नवतपा अनुभवलेल्या वाचकास हे निराळे समजावून सांगायला नको.

यामागचे रसायन जुने आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचे नाते मांडले. त्यावरून निघालेला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की अनेक अभिक्रियांचा वेग दुपटीच्या घरात जातो. लिथियम-आयन घटात ऋणाग्राच्या ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक अतिसूक्ष्म थर बसतो. तो आवश्यकच असतो, कारण तो विद्युतविद्राव्याला ग्रॅफाइटपासून वाचवतो. पण तो पुढेही संथपणे वाढत राहतो आणि प्रत्येक वाढीसाठी थोडे लिथियम कायमचे अडकवतो. ही वाढ गाडी उभी असतानाही होते. उष्णतेने वेग घेते आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर अधिकच घेते. म्हणून रात्रभर शंभर टक्के भरून सकाळपासून कार्यालयाच्या उघड्या वाहनतळावर तापणारी गाडी एकही किलोमीटर न धावता म्हातारी होत असते. फिनिक्समधील अनेक गाड्यांचे जीवन नेमके असेच होते.

मालकांनी जे केले, ते विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी बारा लीफ गाड्या एकत्र आणल्या, पूर्ण चार्ज केल्या आणि एकाच रात्री, एकाच ठरावीक वेगाने, बॅटरी संपेपर्यंत चालवल्या. नव्या गाडीने त्या वेगाने ८४ मैल जावे, अशी अपेक्षा होती. एकाही गाडीने तो पल्ला गाठला नाही. याच चाचणीत दुसरीही गोष्ट उघड झाली : फलकावरील पट्ट्या नेहमी खरे बोलत नव्हत्या, काही गाड्यांत त्या प्रत्यक्षापेक्षा अधिक नुकसान दाखवत होत्या. आपल्या तक्रारीला अंशतः दुबळी करणारा हा निष्कर्ष मालकांनी दडवला नाही, हे मला त्या रात्रीच्या आकड्यांइतकेच मोलाचे वाटते.

निसानने काही गाड्या कासा ग्रांडे येथील आपल्या वाळवंटी चाचणीकेंद्रात नेऊन तपासल्या. बॅटरीत दोष नाही. वापर आणि हवामान पाहता झालेली घट अपेक्षेनुसारच आहे, असा निर्वाळा दिला. तांत्रिकदृष्ट्या तो खोटा नव्हता. पण ‘अपेक्षेनुसार’ म्हणजे कोणाच्या अपेक्षेनुसार? ग्राहकाला ती अपेक्षा विक्रीच्या वेळी सांगितलेली होती का? वाद न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१२ मध्ये कंपनीने क्षमतेची हमी जाहीर केली : पाच वर्षे किंवा ६०,००० मैल होईपर्यंत पट्ट्या नवांच्या खाली गेल्यास दुरुस्ती किंवा बदल. त्यापूर्वी हमी बॅटरीच्या बिघाडाची होती, झिजेची नव्हती. बिघाड आणि झीज यांतील ही सीमारेषा उष्ण प्रदेशातील ग्राहकांनी ओढायला लावली. पुढे २०१४ मध्ये बदली बॅटरीची किंमत जाहीर झाली, ५,४९९ डॉलर, आणि २०१५ च्या लीफमध्ये उष्णता अधिक सोसणारे रसायन आले. शीतक द्रव मात्र तेव्हाही आला नाही.

भारताची कथा याहून जुनी आहे, पण तिच्यात उष्णतेचा उल्लेख फारसा येत नाही. केरळातील चालकुडी येथे घडलेली लव्हबर्ड ही दोन आसनी विद्युत मोटार १९९३ च्या दिल्लीतील मोटार-प्रदर्शनात दिसली आणि लवकरच विस्मृतीत गेली. २००१ मध्ये बंगळूरुहून चेतन मैनी यांची रेवा आली. दोघींतही शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, आणि त्यांनाही ऊन मानवत नाही. आपल्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गच्चीलगतच्या तापलेल्या खोलीत किती लवकर दम तोडते, ते पुष्कळांनी पाहिले असेल. तरीही त्या काळी या गाड्यांची परीक्षा उष्णतेवर झाली नाही. त्या शहरातल्या छोट्या फेऱ्यांच्या गाड्या होत्या, आणि रेवाचे शहर बंगळूरु होते. तीच गाडी नागपुरात जन्मली असती तर तिचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

संपूर्ण कुटुंब, सामान आणि लांबचा रस्ता झेपेल अशी विद्युत मोटार भारतात आली २०१९-२० मध्ये. जुलै २०१९ मध्ये ह्युंदाई कोना, जानेवारी २०२० मध्ये एमजी झेडएस आणि टाटा नेक्सॉन. तिन्ही गाड्या क्रॉसओव्हर वळणाच्या, म्हणजे उंच बैठकीच्या पण मोटारीच्याच सांगाड्यावरच्या. आणि तिन्हींत द्रवाने थंड होणारी बॅटरी. फिनिक्सचा धडा इथवर पोहोचला होता. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉनमध्ये आणखी एक निवड दडलेली होती, लिथियम-लोह-फॉस्फेटची. १९९७ मध्ये पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी ज्या पदार्थाचे वर्णन केले, तोच हा. त्याच्यात ऊर्जा तुलनेने कमी मावते. पण फॉस्फरस-ऑक्सिजन बंध इतका पक्का असतो की तापल्यावर धनाग्र सहजी ऑक्सिजन सोडत नाही, आणि ऑक्सिजन नसेल तर आतल्या आगीला खतपाणी मिळत नाही.

आग म्हटले की २०२२ आठवते. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात एक विद्युत स्कूटर पेटली, पाठोपाठ इतरत्र अशा घटना घडल्या, आणि जूनमध्ये मुंबईजवळ वसईत एका नेक्सॉननेही पेट घेतला. ‘ऊन सोसले नाही’ हे कारण तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. हे अर्धसत्य आहे. घटातील संरक्षक थर विघटित होऊ लागतो तोच ८० अंशांच्या पुढे. ४५ अंशांची दुपार एकट्याने बॅटरी पेटवू शकत नाही. सदोष घट, ढिसाळ जोडणी किंवा दुबळी नियंत्रणप्रणाली असेल तर ऊन तिचा राखीव दिलासा तेवढा हिरावून घेते. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेचे संचालक टाटा नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवल्यानुसार नियम कडक झाले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. या सुधारणा अत्यावश्यक होत्या. मात्र त्या आगीविषयी होत्या. फिनिक्सचा प्रश्न, म्हणजे संथ झिजेचा, त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला, बातम्यांतही. जळणारी गाडी सर्वांना दिसते, आटणारी बॅटरी फक्त मालकाला.

आता पल्ल्याकडे वळू. भारतात प्रमाणपत्रावरचा आकडा ठरतो तो प्रयोगशाळेतील रोलरवर, सौम्य तापमानात, वातानुकूलन बंद ठेवून. चालनचक्र पूर्ण घेतले तरी जेमतेम वीस मिनिटांचे, आणि त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. गाड्यांची आपसात तुलना करण्यासाठी अशी चाचणी उपयुक्त असते; एकच पट्टी सर्वांना लावली जाते. पण मे महिन्यात चंद्रपूरहून नागपूरला निघालेल्या कुटुंबाला ती फारसे काही सांगत नाही.

येथे एक साधा हिशेब मांडू. समजा, कडक उन्हात वातानुकूलन यंत्र सतत २ किलोवॉट शक्ती घेते. महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने हा भार दर किलोमीटरला ३३ वॉट-तास पडतो. गाडीला चालण्यासाठीच १३०-१४० लागत असतील, तर ही चतुर्थांश वाढ झाली. जाणवेल, पण झेपेल. आता तीच गाडी शहरातील कोंडीत ताशी १५ किलोमीटरने सरकते आहे असे धरा. तोच भार दर किलोमीटरला १३३ वॉट-तास होतो, म्हणजे गाडी पुढे नेण्यास जेवढी ऊर्जा लागते तेवढीच ती थंड ठेवण्यास लागते. उन्हाळ्यातील पल्ला किलोमीटरइतकाच तासांनीही मोजावा लागतो, तो यामुळे. अमेरिकेतील ट्रिपल-ए या वाहनसंस्थेने २०१९ मध्ये पाच विद्युत गाड्या ३५ अंशांवर तपासल्या, तेव्हा वातानुकूलनासह पल्ला सरासरी १७ टक्के घटला. ते बंद असताना घट अवघी ४ टक्के होती. आपल्याकडील उन्हाळा तर ३५ अंशांना आल्हाददायक म्हणतो.

शिवाय हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्रेसरला दोन यजमान असतात. तोच शीतकारक प्रवाशांची हवा गार करतो आणि बॅटरीचा शीतक द्रवही. महामार्गावर दोन तास पळून आलेली गाडी ४३ अंशांत जलद चार्जरला लावली, आत मुले आणि आजी-आजोबा बसून आहेत, तर दोघांचीही मागणी एकाच वेळी उच्चांकावर जाते. बॅटरी वाचवण्यासाठी नियंत्रणप्रणाली चार्जिंगचा वेग उतरवते, क्वचित मागच्या आसनांपर्यंत गारवा पोहोचत नाही. उष्ण प्रदेशासाठी क्रॉसओव्हर पारखायची असेल तर माझ्या मते ही एकच कसोटी पुरेशी बोलकी आहे, आणि नेमकी हीच माहितीपत्रकात नसते. माहितीपत्रकात काचेचे विस्तीर्ण छत असते. वैशाखात त्या काचेखाली कोण बसणार, याचा विचार रेखाटनकाराने कोणत्या देशात बसून केला असेल, कोण जाणे.

काही प्रामाणिकपणा अलीकडे आला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये टाटा कर्व्ह आली, तेव्हा मोठ्या बॅटरीसाठी प्रमाणित पल्ला ५८५ किलोमीटर होता. त्याच्या जोडीला कंपनीनेच ४०० ते ४२५ किलोमीटर हा बहुसंख्य ग्राहकांना प्रत्यक्ष मिळू शकणारा आकडाही छापला. दोन आकड्यांतील ही दरी ग्राहकाने गृहीत धरायची असते, हे निर्मात्याने मान्य करणे नवे होते. झिजेच्या बाबतीतही जागतिक पातळीवर मोजमाप ठरले आहे : मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमन मंचाने स्वीकारलेल्या तांत्रिक नियमानुसार मोटारीच्या बॅटरीत पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरनंतर किमान ८० टक्के, आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरनंतर किमान ७० टक्के ऊर्जा शिल्लक हवी. फिनिक्सच्या मालकांनी रस्त्यावर जे मोजले, त्याला दहा वर्षांनी नियमाचे रूप मिळाले.

सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी विंडसर या क्रॉसओव्हरने प्रश्नाला आणखी एक वळण दिले. तिची ३८ किलोवॉट-तासांची बॅटरी विकत न घेता भाड्यानेही मिळू लागली. आरंभीचा दर किलोमीटरला साडेतीन रुपये होता. चाक फिरले तर भाडे, असा हा हिशेब. उभ्या गाडीची उन्हात होणारी झीज किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून करारातील क्षमतेविषयीचे कलम दराहून आधी वाचावे लागते. बॅटरी स्वतःच्या मालकीची असेल तर हमीपत्रातील तेच कलम वाचावे : टक्केवारी छापली आहे का, ती कोण आणि कोणत्या यंत्राने मोजणार, आणि गाडी दुसऱ्याला विकल्यावर हमी तितकीच राहते का. २०२० च्या पहिल्या नेक्सॉन गाड्यांची आठ वर्षांची हमी २०२८ च्या आरंभापासून संपू लागेल. त्यांनी तोवर भारतातले आठ उन्हाळे काढलेले असतील, आणि जुन्या मोटारींच्या बाजारात विदर्भातल्या गाडीला कोकणातल्या गाडीपेक्षा किती कमी भाव येतो, ते तेव्हा प्रथमच मोठ्या संख्येने पाहता येईल.