लिलाव की एकच भाव? : आमच्या कांडप यंत्राची आणि जुन्या बाजारांची गोष्ट

आज आम्ही तुम्हाला बाजाराचा इतिहास सांगणार आहोत. पण त्याआधी आमची एक फजिती सांगतो, कारण तिच्यामुळेच आम्ही या इतिहासाच्या मागे लागलो.

आमचा बचत गट अकरा जणींचा. मसाल्याचं काम वाढलं तसं स्वतःचं मिरची कांडप यंत्र घ्यायचं ठरलं. तालुक्याच्या दुकानात नवीन यंत्राची किंमत ७२,००० रुपये होती. त्यात जीएसटी आला, गावापर्यंत पोहोचवणं आलं आणि एक वर्षाची हमीही आली. दुकानदार म्हणाला, "ताई, एकच भाव. पाचशे रुपयेही कमी होणार नाहीत." आम्हाला ते थोडं लागलं. तेवढ्यात आमच्यातल्या एकीच्या मुलाने मोबाइलवर दाखवलं की बंद पडलेल्या एका कारखान्याची यंत्रं ऑनलाइन लिलावात निघाली आहेत, आणि तसंच यंत्र २५,००० रुपयांपासून सुरू आहे. बैठकीत ठरलं की ४५,००० पर्यंत जायचं, पुढे नाही. तसं वहीत लिहिलंही.

लिलावाच्या रात्री आम्ही एका घरात एका मोबाइलभोवती बसलो होतो. ४५,००० कधी मागे पडले ते कळलंच नाही. शेवटच्या मिनिटाला कुणी बोली लावली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढायची. "एवढं आलोय तर अजून हजार," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीच्या माना डोलवायच्या. ६१,००० ला यंत्र आमचं झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा केला.

मग हिशेब आला. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,९८० रुपये. टेम्पोभाडं ६,५००. मोटार जळालेली निघाली, ती पुन्हा भरून घ्यायला ४,२००. सगळे मिळून ८२,६८० रुपये. नव्या यंत्रापेक्षा १०,६८० रुपये जास्त देऊन आम्ही जुनं यंत्र आणलं होतं, तेही हमीशिवाय. महिन्याला शंभर रुपये बचत करणाऱ्या बायकांचं हे जवळजवळ दहा महिन्यांचं पाणी झालं. तक्रार करायलाही जागा नव्हती. "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे" ही अट आम्हीच मान्य केली होती.

पुढच्या बैठकीत आमच्या थोरल्या काकूंनी विचारलं, "अगं, लिलावात स्वस्त मिळतं असं सगळे म्हणतात, मग आपल्यालाच महाग कसं पडलं?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही वाचनालयात गेलो, मुलांकडून इंटरनेटवर शोधून घेतलं. जे हाती लागलं ते असं.

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेतला शब्द 'लेयलांव'. गोव्यात लिलावाला 'पावणी' असाही शब्द आहे. देवळात देवाला वाहिलेल्या फळांची पावणी होते. आपल्या गावात देवीच्या साडीचा किंवा गणपतीपुढच्या नारळाचा लिलाव होतो, तोच हा प्रकार. तिथे कुणी स्वस्त मिळावं म्हणून बोली लावत नाही. मान मिळावा आणि देवाच्या कामाला पैसा जावा म्हणून लावतात. लिलाव माणसाच्या अभिमानाला हात घालतो, हे आपल्या जत्रेला कधीपासून ठाऊक आहे.

पद्धत मात्र त्याहून फार जुनी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की बाबिलोनमध्ये लग्नाच्या वयाच्या मुलींचा लिलाव होत असे. ही हकिकत कितपत खरी याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण ऐकून आमच्या अंगावर काटा आला. दुसरी गोष्ट रोमची, इसवी सन १९३ मधली. राजाच्या रक्षक सैनिकांनीच राजाला, पर्टिनॅक्सला, मारलं आणि गादीच लिलावात काढली. एका बाजूला मेलेल्या राजाचा सासरा, दुसऱ्या बाजूला डिडियस जुलियानस नावाचा श्रीमंत माणूस. सासऱ्याने दर सैनिकामागे २०,००० नाणी देऊ केली, तेव्हा जुलियानसने एकदम २५,००० बोलून गादी घेतली. ६६ दिवसांनी त्याचाही खून झाला. आमच्यातली एक म्हणाली, "त्याचं आपल्या यंत्रासारखंच झालं की."

आता एकच भावाची गोष्ट. आज पुड्यावर किंमत छापलेली असते, म्हणून हे जुनंच असेल असं वाटतं. पण जगातल्या बहुतेक बाजारांत घासाघीस हीच रीत होती. गिऱ्हाईक कोण, त्याचे कपडे कसे, त्याला गरज किती, हे बघून भाव सांगितला जाई. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की एक भाव सांगायचा आणि दुसरा घ्यायचा हे खोटं बोलणं आहे, म्हणून सर्वांना एकच भाव. पुढे पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बूसिको याने 'बाँ मार्शे' हे दुकान वाढवलं, तिथे वस्तूवर किंमत लिहिलेली असे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन वानामेकर याने १८७६ मध्ये आपलं भव्य दुकान उघडलं आणि किमतीच्या चिठ्ठीची पद्धत लोकप्रिय केली.

यात बायकांचा फायदा मोठा होता. घासाघीस न येणारी, बुजरी, नवखी बाई असो की लहान पोर, सगळ्यांना भाव तोच. तालुक्याच्या दुकानदाराचं "एकच भाव" आम्हाला उर्मट वाटलं होतं. पण त्या दोन शब्दांत आम्हाला फसवायचं नाही हेही होतं, ते आमच्या ध्यानात आलं नाही.

मग लिलाव पुन्हा एवढा घरोघरी कसा पोहोचला? १९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणाने सुट्टीत बसून एक संकेतस्थळ तयार केलं. त्याचं नाव 'ऑक्शनवेब', पुढे तेच 'ईबे' झालं. सुरुवातीला तिथे त्याचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर विकला गेला, १४ डॉलर ८३ सेंटला. मोडका आहे हे माहीत आहे ना, असं त्याने घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. लिलाव कुठे कामाचा, याचं उत्तर या एका विक्रीत आहे. ज्या वस्तूला ठरलेला भावच नाही, जी दुसरीकडे मिळत नाही, तिची किंमत लिलावातच कळते.

आपल्याकडे २००० मध्ये मुंबईतून 'बाझी' नावाचं तसंच संकेतस्थळ सुरू झालं आणि २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं. पण तोवर खुद्द ईबेवरच वारं फिरू लागलं होतं. २००० मध्येच त्यांनी 'आत्ताच घ्या' म्हणून ठरलेल्या किमतीची सोय दिली होती. दहा वर्षांच्या आत तिथली निम्म्याहून जास्त विक्री ठरलेल्या किमतीने होऊ लागली. लोकांचा नवा उत्साह ओसरला. चार दिवस लिलाव संपायची वाट कोण बघणार? शिवाय नवीन वस्तूची किंमत दहा ठिकाणी बघता येऊ लागली, मग ती बोलीने शोधायची गरजच उरली नाही.

तरी काकूंचा प्रश्न उरतोच: स्वस्त काय? यावर अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिलं आहे. एकच विक्रेता एकच वस्तू दोन्ही पद्धतींनी विकतो तेव्हा लिलावातली किंमत सरासरीने कमी पडते, असं एका अभ्यासात दिसलं. म्हणजे लोक म्हणतात ते खोटं नाही. पण २०११ मध्ये छापून आलेला दुसरा अभ्यास वाचला आणि आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. उलरीके मालमेंडियर आणि त्यांचे सहकारी ली यांनी ईबेवर विकला जाणारा एक पटावरचा खेळ घेतला. त्याच पानावर, त्याच वेळी, तोच खेळ ठरलेल्या किमतीतही मिळत होता. तरी १०० पैकी ४२ लिलाव त्या किमतीच्या वर जाऊन संपले. जास्त बोली लावणारे सगळे मिळून होते फक्त १७ टक्के.

हे कसं? विचार करा. दहा जणी बोली लावताहेत, त्यातल्या आठ शहाण्या आहेत, दोघींना जोर चढलाय. वस्तू कुणाकडे जाणार? त्या दोघींपैकीच एकीकडे. शहाण्या गप्प बसल्या म्हणून भाव खाली येत नाही. त्या रात्री आठ जणी मुकाट बाजूला झाल्या असतील, आणि आम्ही मात्र टाळ्या वाजवत होतो.

हीच गोष्ट आपल्या बोलीच्या भिशीत उलट्या बाजूने दिसते. वीस जणी, महिना हजार रुपये, म्हणजे भिशी वीस हजारांची. जिच्या घरात आजारपण आहे ती म्हणते, मला सोळाच द्या. उरलेले चार हजार बाकीच्या वाटून घेतात. ज्यांना घाई नाही त्यांचा फायदा, नडलेलीचा तोटा. बोलीला दया नसते. ती सगळ्यात नडलेल्या किंवा सगळ्यात उतावळ्या माणसाला शोधून काढते.

मग लिलाव वाईटच का? तसं म्हणायला आपल्या शेतकरी बहिणी तयार होणार नाहीत. पूर्वी बाजारात 'हत्ता' पद्धत होती. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबत आणि भाव ठरवत. माल शेतकऱ्याचा, पण भाव काय ठरला ते त्यालाच दिसत नसे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला, पुढे १९३९ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा. रुमालाखालचा सौदा उघड्यावर आला. आज लासलगावात कांद्याच्या गाडीभोवती व्यापारी मोठ्याने बोली बोलतात, ती शेतकऱ्याच्या कानावर पडते. १४ एप्रिल २०१६ रोजी 'ई-नाम' सुरू झालं ते यासाठीच, की लांबच्या व्यापाऱ्यालाही त्या बोलीत उतरता यावं. विकणाऱ्याला लिलाव लाभतो तो घेणारे पुष्कळ असले तर. तीनच व्यापारी उभे असतील आणि ते आपसात बोललेले असतील, तर उघडी बोलीसुद्धा रुमालासारखीच.

म्हणजे लिलाव चांगला की एकच भाव, असा सरळ निकाल देता येत नाही. आपण घेतोय की विकतोय, वस्तू नवी की जुनी, बोली लावणारे किती, आणि आपल्याला घाई आहे का, हे आधी विचारायचं. जुनी, एकुलती एक, डोळ्यांनी बघून घेता येणारी वस्तू असेल तर लिलावात जरूर जावं. दुकानात भाव लावून ठेवलेली वस्तू असेल, तर तो भाव हीच आपली लक्ष्मणरेषा.

यंदा आम्ही तसंच केलं. शेवयांचं यंत्र शेजारच्या तालुक्यात लिलावात होतं. नवं यंत्र घरपोच १६,००० ला मिळत होतं. आमच्यातल्या दोघी एसटीने जाऊन ते बघून, चालवून आल्या. कर, भाडं, दुरुस्ती सगळं आधी धरलं आणि बोलीची हद्द १०,००० ठरवली. मोबाइल काकूंच्या हातात दिला, कारण आमच्यात उतावळी नाही अशी एकटी त्याच. पहिल्या लिलावात बोली १०,५०० ला गेली आणि काकूंनी मोबाइल पालथा ठेवला. आम्ही हळहळलो, पण कुणी काही बोललं नाही. महिन्याभराने तसंच दुसरं निघालं, ते ९,५०० ला मिळालं आणि सगळा खर्च धरून १२,००० च्या आत घरी आलं.

कांडप यंत्रही चालू आहे बरं का. मोटार भरल्यापासून एकदाही बंद पडलेलं नाही. त्याच्या अंगावर आम्ही तेलरंगाने ८२,६८० हा आकडा लिहून ठेवलाय. गावातल्या बायका मिरची घेऊन येतात, आकडा बघतात आणि विचारतात, हे काय? मग आम्ही त्यांना मिरची कुटली जाईपर्यंत ही गोष्ट सांगतो.